पाटीवरून भांडण्याआधी भिंती मोजा

प्रति,
नगर नियोजन समितीचे सदस्य,
जुन्या इमारतींचे मालक,
आणि पुनर्विकासाच्या बाजूने वा विरोधात सह्या करणारे रहिवासी

विषय: जुन्या इमारतींत साखळी दुकानांना परवानगी देण्याआधी ठरवायच्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

जुन्या बाजाररस्त्यावरच्या इमारती पाडून किंवा फोडून तिथे साखळी दुकाने आणायची का, हा वाद कुठेही सुरू झाला की दोन वाक्यांपाशी अडून बसतो. एक बाजू म्हणते, इमारत मोडकळीला आली आहे, मोठा ब्रँड आल्याशिवाय तिच्यावर कोणी पैसा घालणार नाही. दुसरी म्हणते, ब्रँड आला की वस्तीची रयाच गेली. दोघांचीही नजर दुकानाच्या पाटीवर असते. जुन्या इमारती तपासणे, त्यांना बळकटी देणे आणि त्यांचा वापर बदलताना आराखडे करणे हा आमचा व्यवसाय आहे. त्या आधारावर आम्ही ठामपणे सांगतो, की इमारत आणि रस्ता टिकणार का, हे कोणती भिंत काढली, किती गाळे एक केले, धूर कुठून नेला, वरच्या मजल्याचा जिना ठेवला का आणि करार संपल्यावर काय पूर्ववत करायचे ठरले, यावर अवलंबून असते. या अटी भाडेकरारावर सह्या होण्याआधी ठरलेल्या असाव्या लागतात.

सह्यांनंतर त्या घालून फारसे साधत नाही, कारण साखळी दुकानाचा नमुना आराखडा मुख्यालयात आधीच तयार असतो. त्याला मध्ये खांब नसलेली मोकळी जागा हवी असते, साडेतीन-चार मीटर उंची, जमिनीपासून छतापर्यंत काच, मागून माल उतरवायची सोय, थ्री-फेज वीज, वातानुकूलनाची बाहेरची यंत्रे ठेवायला जागा आणि पाटीसाठी दर्शनी भिंतीवर ठरावीक लांबीची पट्टी. हा आराखडा काँक्रीटच्या सांगाड्याची इमारत गृहीत धरतो. सांगाड्याच्या इमारतीत मधली भिंत ही नुसती आडभिंत असते, काढली तरी इमारत उभी राहते. चुन्याच्या मसाल्यात बांधलेल्या जुन्या इमारतीत भिंत हीच इमारत असते. करारात सजावटीच्या कामासाठी काही महिने भाडेमाफी असते, ती संपण्याआधी दुकान उघडायची घाई असते, आणि या घाईत ‘भिंत काढायची की नाही’ हा प्रश्न मागे पडून ‘कधी काढायची’ एवढाच उरतो. त्या टप्प्यावर समितीपुढे आलेला अर्ज नाकारणे कोणालाही जड जाते.

भिंत काढण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होते आणि हरकतींच्या अर्जांत याचा उल्लेख क्वचितच असतो.

तळमजला अधिक दोन मजल्यांची एक साधी इमारत घ्या. मधली भारवाहक भिंत ४५० मिलिमीटर जाडीची, तिच्यावर दोन्ही बाजूंच्या लाकडी तुळया टेकलेल्या. वरच्या दोन मजल्यांच्या भिंतीचे वजन दर धावत्या मीटरला साधारण सहा टन भरते. दोन मजल्यांच्या जमिनी आणि छप्पर यांचा भार आणखी तेवढाच. म्हणजे तळमजल्याच्या भिंतीवर दर मीटरला बारा टन. ९० सेंटिमीटर रुंदीच्या पायावर हा भार पसरला की जमिनीवर दर चौरस मीटरला तेरा-चौदा टन दाब येतो. आता या भिंतीत चार मीटर रुंदीची मोकळी वाट काढली आणि वर तुळई घातली. अठ्ठेचाळीस टन भार दोन खांबांवर गेला, प्रत्येकी चोवीस टन. खांब त्याच जुन्या पायाच्या ९० सेंटिमीटरच्या चौकोनावर उभा केला, तर त्याखालचा दाब तीस टनांच्या जवळ जातो, आधीच्या दुपटीहून जास्त. इतकी वर्षे एका दाबाला सरावलेली माती आता फक्त दोन जागी खचू लागते. शेजारची भिंत मात्र जिथल्या तिथे राहते. या फरकातून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. त्या दुकान उघडल्याच्या दिवशी दिसत नाहीत. एखाद-दुसरा पावसाळा गेल्यावर दिसतात, आणि तोवर ‘इमारत जुनीच होती’ असे म्हणायला सगळे मोकळे असतात.

हे काम नीट करता येते. आधी प्रत्येक मजल्यावर तुळयांची दिशा पाहायची, कारण तुळया ज्या भिंतीवर टेकतात तीच भार घेते, आणि दिशा मजल्यागणिक बदललेली असू शकते. पायाशी निदान दोन खड्डे खणून त्याची खरी रुंदी आणि खोली मोजायची. नवा पाया लागणार असेल तर तो आधी घालायचा. मग भिंतीत सुमारे एक-एक मीटरवर आरपार भोके पाडून त्यांतून आडवे लोखंडी गर्डर सारायचे आणि त्यांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे. हे टेकू फरशीवर ठेवायचे नाहीत; खाली घट्ट जमीन असल्याची खात्री करून जाड फळ्यांवर ठेवायचे. त्यानंतर भिंत काढायची, तिचा भार घेणाऱ्या नव्या तुळईच्या दोन्ही टोकांखाली दगडी किंवा काँक्रीटचा बैठा ठोकळा बसवायचा आणि तुळई चढवायची. नेहमीच्या इमारतीत तुळई लांबीच्या ३६० व्या भागाइतकी वाकली तरी चालवून घेतात. वर विटांचे बांधकाम असेल तर तेवढा वाक झेपत नाही, लांबीच्या पाचशेव्या भागाहून कमी धरावा लागतो. तुळई आणि वरची वीट यांच्यातली फट जेमतेम ओलसर केलेल्या मसाल्याने ठोकून भरायची. मसाला पातळ असेल तर सुकताना आकसतो, फट पुन्हा उघडते आणि भिंत तेवढी खाली बसते. मसाला पक्का झाल्यावर टेकू एकाच दिवशी न काढता टप्प्याटप्प्याने सैल करायचे. भेगांवर काचपट्ट्या किंवा मापकपट्ट्या लावून काम सुरू होण्याआधीपासून काम संपल्यानंतर काही महिन्यांपर्यंत त्यांची नोंद ठेवायची, आणि त्या वरच्या घरांतही लावायच्या.

यातही एक चूक आम्हाला वारंवार दिसते. दोन खांब आणि वर तुळई एवढेच घालून काम संपवतात. त्याने खाली येणारा भार पेलला जातो. पण काढलेली भिंत आणखी एक काम करत होती, इमारतीला आडवे हलू न देण्याचे. दर्शनी भाग पूर्ण काचेचा केला आणि आतल्या आडव्या भिंतीही काढल्या, की तळमजला एका बाजूने उघड्या खोक्यासारखा होतो आणि भूकंपात वरचा भारी भाग त्यावर पिळवटतो. म्हणून खांब, वरची तुळई आणि जमिनीतली तुळई मिळून कडक जोडांची पूर्ण चौकट घालावी लागते, शिवाय दर्शनी भिंतीचे दोन्ही बाजूंचे पाखे, म्हणजे कडेचे भरीव भाग, राखावे लागतात. अर्जासोबतच्या नकाशात नुसती तुळई दाखवली असेल तर समितीने तिथेच थांबून आडव्या भाराचा हिशोब मागावा. हा हिशोब नसणे एवढ्या एका कारणावर अर्ज परत पाठवणे पूर्णपणे रास्त आहे.

मजल्यांवरच्या भाराचेही असेच आहे. बहुतेक देशांच्या संहितांत राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भार धरतात, दुकानासाठी चारशे ते पाचशे. कोठारासाठी माल किती उंच रचणार त्यावर भार ठरतो, मीटरभर उंचीला साधारण २४० किलो. याचा अर्थ, वरचा मजला ‘नुसता स्टॉकसाठी’ घेतला आणि खोकी दोन मीटर रचली, की घरासाठी घातलेल्या तुळयांवर अडीच-तीनपट भार आला. तुळई मधोमध वाकलेली दिसते म्हणून लोक मध्यभाग तपासतात. बरेचदा ती कुजलेली असते भिंतीत शिरलेल्या टोकाशी. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि भिंतीतले टोक तसेच ओले राहते. ओल मोजायचे यंत्र आणि एक बारीक टोचा घेऊन प्रत्येक टोक तपासायला एका इमारतीला दोन-तीन दिवस पुरतात. तेवढे दिवस न देणाऱ्या अर्जदाराला परवानगीचीही घाई असू नये.

त्याच कारणाने सिमेंटचा गिलावा, प्लास्टिक रंग आणि भिंतीला चिकटवलेले जिप्समचे तक्ते यांवर बंदी असावी. चुन्याची भिंत जमिनीतून आणि पावसातून ओल घेते आणि हवेत सोडते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. ओल वर चढते, क्षार विटेत साठतात, पोपडे निघतात आणि शेवटी तुळयांची टोके भिजतात. दमट हवेच्या ठिकाणी आत सतत थंडावा ठेवला की बाहेरची वाफ भिंतीतून आत येते आणि तक्त्यामागे थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. तक्ते भिंतीपासून दोन बोटे सोडून, मागे हवा खेळेल असे उभारले, दर्जा (विटांमधले सांधे) चुन्यानेच भरल्या आणि गिलावा चुन्याचा ठेवला, तर हे टळते. खर्चातला फरक एकूण सजावटीच्या मानाने किरकोळ असतो.

आता वर राहणाऱ्यांबद्दल. तळमजल्यावर स्वयंपाकघर येणार असेल तर धुराची नळी छपराच्या वर निदान एक मीटर गेली पाहिजे, आणि ती कुठल्या बाजूने जाणार हे परवानगीच्या नकाशात हवे. नळीत तेलकट थर साचतो आणि पेट घेतो, म्हणून साफसफाईची झाकणे दर तीन-साडेतीन मीटरवर आणि प्रत्येक वळणावर असावीत. सांडपाण्याच्या वाटेवर ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी टाकी) नसेल तर पूर्ण इमारतीचा जुना नळ तुंबतो, आणि तुंबलेले पाणी पहिल्यांदा तळमजल्याच्या मागच्या खोल्यांत येते. कॉम्प्रेसर थेट भिंतीवर टांगला की त्याची घरघर तुळयांमधून वरच्या झोपायच्या खोलीपर्यंत जाते, खिडकी बंद केली तरी ऐकू येते. यंत्राखाली रबर किंवा स्प्रिंगचे पाय आणि यंत्र जमिनीवर स्वतंत्र चौथऱ्यावर, एवढ्याने बहुतेक त्रास मिटतो.

आगीबाबत लाकडाची विनाकारण बदनामी होते. जाड लाकडी तुळई जळताना मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर इतकीच कोळसा होत जाते, आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. धोका असतो तो दुकानाच्या छतातून वायर, नळ्या आणि डक्टसाठी पाडलेल्या आणि मग तशाच सोडलेल्या भोकांचा. आग आणि धूर वर चढतात ते तिथून. प्रत्येक भोक अग्निरोधक साहित्याने बुजवल्याचे छायाचित्र, खोट्या छताने ते झाकले जाण्याआधी घेतलेले, समितीने मागून घ्यावे.

आणि जिना. दुकानाची रुंदी वाढवायला सर्वांत आधी वरच्या मजल्यांचा रस्त्यावरचा दरवाजा आणि जिना गिळला जातो. जिना गेला की वरचे मजले राहण्याजोगे उरत नाहीत, ते रिकामे पडतात किंवा अडगळ होतात. रिकाम्या मजल्यावर पन्हळ तुंबली तर सांगणारे कोणी नसते, आणि छपरातून गळणारे पाणी काही वर्षांतच तुळया खाते. मग तीच इमारत ‘धोकादायक’ म्हणून पुन्हा समितीपुढे येते. स्वतंत्र जिना ही अट आमच्या दृष्टीने कोणत्याही सवलतीच्या बदल्यात सोडू नये अशी आहे.

पाडून नवे बांधा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा ऊर्जा बचतीचा असतो. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तीस टक्के जास्त कार्यक्षम असलेल्या नव्या इमारतीलाही तिच्या बांधकामातून झालेला हवामानावरचा परिणाम भरून काढायला दहा ते ऐंशी वर्षे लागतात. दुसरा मार्ग सुचवला जातो तो फक्त दर्शनी भिंत ठेवून मागे सगळे नवे बांधण्याचा. ती एकटी भिंत पेलून धरायला पदपथावर पोलादी सांगाडा लागतो, नव्या मजल्यांच्या पातळ्या जुन्या खिडक्यांशी जुळत नाहीत, आणि खिडकीच्या मधोमध स्लॅब आलेला दिसतो. खर्च भरपूर आणि हाती नुसते कातडे, म्हणून आम्ही हा मार्ग शेवटचा मानतो.

विरोधक रहिवाशांनाही स्पष्ट सांगायला हवे. साखळी दुकान म्हणजे विध्वंस, असे समीकरण मांडू नका. न्यूयॉर्क राज्यात न्यू हाइड पार्क इथे १७९५ मधले एक घर आहे. मॅकडोनाल्ड्स ते पाडणार होते. रहिवाशांच्या प्रयत्नांनी १९८७ मध्ये घराला वारसा-संरक्षण मिळाले, आणि १९९१ मध्ये डागडुजी केलेल्या त्याच घरात उपाहारगृह सुरू झाले. क्योतोच्या निनेन्झाका रस्त्यावर शंभर वर्षांहून जुन्या लाकडी घरात २०१७ पासून स्टारबक्स चालते, आत तातामी चटया आहेत. अटी पक्क्या असल्या की मोठ्या कंपन्या आपला नमुना आराखडा बदलतात, कारण जागा त्यांनाही हवी असते. अटी सैल असल्या की इमारत बदलते.

रस्त्याचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. एकेक इमारत वाचली आणि सगळे गाळे तीन-चार कंपन्यांकडे गेले तर वस्तीने काय मिळवले? इथे नियम लागतोच, आणि तो कसा लिहिला यावर त्याचे आयुष्य ठरते. फ्लोरिडातल्या इस्लामोराडा गावाने साखळी दुकानांसाठी क्षेत्रफळ आणि दर्शनी रुंदी यांची कडक मर्यादा घातली होती. तितक्याच मोठ्या, साखळी नसलेल्या दुकानाला ती लागू नव्हती. २००८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. त्याउलट न्यूयॉर्क शहराने २०१२ मध्ये अप्पर वेस्ट साइडच्या अ‍ॅमस्टरडॅम आणि कोलंबस या रस्त्यांवर नव्या दुकानांची दर्शनी रुंदी चाळीस फूट आणि बँकांची पंचवीस फूट ठरवली, दुकान कोणाचेही असो. आम्ही याच पद्धतीचा आग्रह धरतो. जुन्या रस्त्याची गाळ्यांची सरासरी रुंदी मोजा, तीच कमाल रुंदी करा आणि शेजारचे गाळे एकत्र करण्याला वेगळी परवानगी ठेवा. भिंतीही वाचतात आणि पाटीवर कोणाचे नाव आहे हे समितीला विचारावे लागत नाही.

ब्रँडनुसारच छाननी करायची असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचा नमुना आहे. तिथे २००४ पासून साखळी दुकानांची कायद्यात व्याख्या आहे: जिथे ठरावीक संख्येहून जास्त शाखा आहेत आणि पाटी, गणवेश, सजावट, माल यांतल्या किमान दोन गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत ते दुकान. २००६ पासून वस्त्यांमधल्या बाजारभागांत अशा दुकानाला जाहीर सुनावणीतून जावे लागते. सुनावणी म्हणजे बंदी नव्हे. पण अर्जदाराला नकाशा घेऊन लोकांपुढे यावे लागते, आणि वर सांगितलेले सगळे प्रश्न तिथे विचारता येतात. याच्या नेमके उलट इंग्लंडमध्ये घडले. १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, कॅफे, कार्यालय, बँक हे सगळे एकाच वापरवर्गात आले, त्यांच्यातल्या बदलाला परवानगी लागेनाशी झाली, आणि स्थानिक समितीच्या हातातले एक साधन गेले. आपल्या नियमावलीत असे वर्ग एकत्र करण्याचा प्रस्ताव आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

इमारतीच्या संरक्षणाने जुने दुकान वाचतेच असेही नाही. स्पेनमध्ये १९९४ च्या कायद्याने जुन्या दुकानांची गोठलेली भाडी वीस वर्षांनी खुली होणार होती. ३१ डिसेंबर २०१४ ला ती मुदत संपली आणि बार्सिलोनातली अनेक जुनी दुकाने बंद झाली. इमारती जशाच्या तशा होत्या. म्हणून भाड्याची बाजू वेगळी हाताळावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये मतदारांनी जुन्या व्यवसायांसाठी निधी मंजूर केला. त्यातून तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांना मदत होते आणि त्यांच्याशी किमान दहा वर्षांचा करार करणाऱ्या घरमालकालाही अनुदान मिळते. मालकाला वाऱ्यावर सोडून कोणतीही वारसा-योजना टिकत नाही. छपराची, पन्हळींची आणि जिन्याची दुरुस्ती त्याच्या खिशातून होते, हे विरोधकांच्या निवेदनांत क्वचितच लिहिलेले असते.

म्हणून मालकांना आमचा सल्ला असा. करारात मूळ स्थितीची नोंद जोडा: प्रत्येक मजल्याचा मोजलेला नकाशा, भेगांची छायाचित्रे, तुळयांच्या ओलीची मापे, भिंतींचा ओळंबा. भाडेकरूने बसवलेली प्रत्येक गोष्ट भिंत न फोडता काढता येईल अशीच असावी. पाटी दर्जांमध्ये खिळवावी, दगडात किंवा विटेत नव्हे, म्हणजे ती निघाल्यावर दर्जा भरून जागा पूर्ववत होते. पन्हळी आणि पावसाचे नळ वर्षातून दोनदा साफ करायची जबाबदारी नेमकी कोणाची, ते नाव घालून लिहा. पूर्ववत करण्याची अनामत सजावटीचे काम सुरू होण्याआधी घ्या, कारण करार संपताना भाडेकरू कंपनीचे दुकान दुसरीकडे गेलेले असते आणि दाद मागायला समोर कोणी नसते.

समितीकडे आमची मागणी मोजकी आहे. जुन्या इमारतीतला वापरबदलाचा अर्ज तोवर विचारात घेऊ नये, जोवर त्यासोबत चार कागद नाहीत: मोजणीचा नकाशा, पाया आणि तुळयांच्या तपासणीचा अहवाल, आडव्या भारासह बांधकामाचा हिशोब, आणि धूर-पाणी-जिना दाखवणारा उभा छेद (इमारत वरून खालपर्यंत कापल्यासारखे आतले चित्र). हे कागद हरकतींच्या मुदतीच्या पहिल्या दिवशी वाचनालयात आणि इमारतीच्या दारावर लावले जावेत, त्यातही उभा छेद मोठ्या आकारात. रहिवाशांनी हरकत लिहिताना त्या छेदावर बोट ठेवून लिहावे: ही भिंत का काढता, ही नळी माझ्या खिडकीपासून किती मीटर, हा जिना कुठे गेला. अशा हरकतीला समितीला लेखी उत्तर द्यावेच लागेल असा ठराव येत्या बैठकीत करावा. कागद वाचायला कोणाला मदत लागली तर आम्ही ती विनामोबदला करू.

आपले,
जुन्या इमारतींची तपासणी, बळकटीकरण आणि वापरबदल या कामांतले अभियंते व वास्तुविशारद